मदत हवी आहे: मल्टिकास्ट चार मिनिटं येतं, मग गप्प

नमस्कार मंडळी,

सभागृहातला कॅमेरा बाहेरच्या तीन स्क्रीनवर दाखवायचाय. तिघांना वेगवेगळं पाठवण्यापेक्षा एकदाच मल्टिकास्ट (एकच पॅकेट ग्रुपमधल्या सगळ्यांना) करावं म्हणून २३९.१०.१०.५ हा ग्रुप आणि ५००० पोर्ट धरलाय. (२३९ ने सुरू होणारे पत्ते अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत.) व्हिडिओचं लचांड नंतर, आधी कमांड लाइनवरून साधा मजकूर पोचतोय का ते बघतोय.

सगळी मशिन्स उबंटूवर, एकाच मॅनेज्ड स्विचला, एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरचं वेगळं केलेलं आभासी नेटवर्क). पाठवायला सोकॅट (नेटवर्कवर डेटा पाठवायचं-घ्यायचं कमांड लाइन टूल), यूडीपी४-डेटाग्राम. दर सेकंदाला घड्याळातली वेळ त्यात ढकलतो. ऐकायला सोकॅट, यूडीपी४-रिसीव्ह, आणि आयपी-अ‍ॅड-मेंबरशिपमध्ये ग्रुपचा पत्ता व इंटरफेसचं नाव. इंटरफेस मुद्दाम देतोय, कारण या मशिन्सवर वायफायही चालू असतं आणि नाव दिलं नाही की जॉइन भलतीकडेच जातो.

सुरू केलं की वेळ छान येत राहते. चार-साडेचार मिनिटांनी अचानक बंद. एरर नाही, सोकॅट जिवंत, पिंग व्यवस्थित. 'आयपी एमअ‍ॅड्र' या जॉइन केलेले ग्रुप दाखवणाऱ्या कमांडमध्ये ग्रुप अजून दिसतोच. ऐकणारा सोकॅट मारून परत लावला की पुन्हा तेवढाच वेळ चालतो. आणखी एक गंमत म्हणजे तिन्ही एकदम बंद पडत नाहीत. ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने मान टाकतात.

फायरवॉल पूर्ण बंद करून बघितला, फरक नाही. कुणाला काही सुचतंय का?

– स्क्रीनवाला

तारखंबा: टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) बघितला का? मल्टिकास्टचा डीफॉल्ट १ असतो, राउटर ओलांडायचा असेल तर वाढवावा लागतो. आणि सोकॅटऐवजी आयपर्फने एकदा तपासा. पण आवृत्ती २ घ्या, ३ मध्ये मल्टिकास्ट नाही.

स्क्रीनवाला: राउटर मध्ये नाहीच, सगळं एका स्विचवर. शिवाय टीटीएलची भानगड असती तर पहिलं पॅकेटही आलं नसतं ना?

पॅकेटपंत: बरोबर, टीटीएल सोडा. तुमचं दुखणं "चार-साडेचार मिनिटं" यातच आहे. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (ग्रुप कुणाला हवा याचे निरोप ऐकून फक्त तिथेच पाठवणं) चालू आहे, पण क्वेरियर (ग्रुप अजून हवा का असं विचारत राहणारा) कुणीच नाही, असं माझं मत.

होतं असं: सोकॅट लावल्यावर लिनक्सचा कर्नल (गाभा) एक-दोनदा "मला हा ग्रुप हवा" असा रिपोर्ट पाठवतो आणि गप्प बसतो. पुढे कुणी विचारलं तरच उत्तर देतो. विचारायचं काम क्वेरियरचं, साधारणपणे दर १२५ सेकंदांनी. स्विच मात्र हजेरी ठेवून असतो आणि २६० सेकंदांत नवा रिपोर्ट आला नाही की स्विचवरच्या त्या पोर्टचं (केबल जोडलेल्या जागेचं) नाव कापतो. १२५ दुणे २५०, वर उत्तराला १० सेकंद. जो आधी लागला तो आधी कापला जातो, म्हणून तुमचा तो क्रम. लिनक्सला यातलं काहीच कळत नाही, त्याच्या लेखी तो अजून ग्रुपमध्येच आहे.

खात्री करायची तर ऐकणाऱ्या मशिनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं टूल) लावा, फिल्टर फक्त 'आयजीएमपी', आणि पाचेक मिनिटं तसाच राहू द्या. तुमचा रिपोर्ट जाताना दिसेल. २२४.०.०.१ ला (म्हणजे सगळ्या मशिन्सना) येणारी क्वेरी एकदाही दिसली नाही तर निदान पक्कं.

उपाय: स्विचच्या सेटिंगमध्ये त्याच व्हीलॅनसाठी क्वेरियर चालू करा आणि त्याला त्या व्हीलॅनमधला आयपी द्या. ०.०.०.० वरून आलेली क्वेरी काही उपकरणं हिशेबातच धरत नाहीत. स्नूपिंग बंद केलं तरी चालेल म्हणा, पण मग कॅमेऱ्याचा व्हिडिओ स्विचच्या प्रत्येक पोर्टवर ओतला जाईल, हिशेबाच्या कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत. मी तरी ते करणार नाही.

स्क्रीनवाला: पंत, क्वेरी एकही नव्हती! मेनूत क्वेरियर सापडला, डिसेबल्ड होता. आयपी देऊन चालू केला. आता टीसीपीडंपमध्ये दर दोनेक मिनिटांनी क्वेरी आणि मागोमाग रिपोर्ट दिसतोय, तिन्हीकडे वेळ अखंड येतेय.

एक उपप्रश्न: तिसरी स्क्रीन पुढे वायफायवर न्यायची आहे. चालेल?

पॅकेटपंत: केबल टाका. वायफायवर मल्टिकास्टला पोच नसते, हरवलेलं पॅकेट परत पाठवलं जात नाही, आणि बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंट ते सगळ्यात कमी वेगाने सोडतात. मजकूर जाईल, व्हिडिओचे चौकोन पडतील. केबल अशक्यच असेल तर मल्टिकास्टचं युनिकास्ट (प्रत्येकाला वेगळं पाठवणं) करून देणारी सोय अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये आहे का बघा.