गैरवर्तनाचा शिक्का बसला की बेरोजगारी भत्ता बंद. पटतं का?

वळणवाट:
मामेभावाला कामावरून काढलं, तिसऱ्यांदा उशीर झाला म्हणून. पत्र मी स्वतः वाचलं. चार ओळी, त्यात उशिराचा उल्लेखसुद्धा नाही, नुसतं 'गैरवर्तनामुळे सेवासमाप्ती'. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ५० टक्के मिळतात, पण गैरवर्तनाने काढलेल्याला छदामही नाही. पगारातून कपात मात्र दर महिन्याला होत होती. फ्रान्समध्ये गंभीर चुकीसाठी काढलं तर नुकसानभरपाई आणि नोटिशीचा पगार बुडतो, बेरोजगारी भत्ता बुडत नाही. मला हेच बरोबर वाटतं. शिक्षा मालकाने दिली ना, मग सरकारने पुन्हा कशाला द्यायची?

हिशेबी:
साफ असहमत. विमा आगीचा असतो, स्वतःच लावलेल्या आगीचा नाही. गल्ल्यात हात घातला, सहकाऱ्याच्या कानाखाली वाजवली, त्यालाही भत्ता? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षेच्या करारातही हेतुपुरस्सर गैरवर्तन असेल तर लाभ नाकारायची मुभा आहे.

वळणवाट:
'हेतुपुरस्सर' तुम्हीच लिहिलंत. बस चुकणं हेतुपुरस्सर कधीपासून?

निवृत्त_कारकून:
मध्ये तोंड घालतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्येच ही रेघ ओढली. मालकाच्या हिताची जाणूनबुजून पायमल्ली केली तर गैरवर्तन. काम जमलं नाही, एखाद्या वेळी निष्काळजीपणा झाला, चांगल्या हेतूने निर्णय चुकला, हे त्यात धरायचं नाही. पुढे इतर राज्यांनीही ही व्याख्या उचलली. गैरवर्तन झालं हे दाखवायची जबाबदारीही तिथे साधारणपणे मालकावर. म्हणजे 'काढलं' वेगळं आणि 'गैरवर्तन' वेगळं. इथे दोन्ही एकच समजून भांडण चाललंय.

मधली_सुट्टी:
कागदावर छान आहे हो. पण तिथे ज्या मालकाची माणसं जास्त भत्ता घेतात त्याचा कर वाढतो, त्यामुळे हरकत घेण्यात त्याचा फायदाच. मी नऊ वर्षं एचआरमध्ये काढली (अभिमानाने सांगत नाही). आमची पद्धत ठरलेली होती. राजीनाम्याचा मसुदा टेबलावर तयार, पेनचं टोपण आधीच काढलेलं. 'सही करा, नाहीतर गैरवर्तन लिहावं लागेल.' पुढच्या नोकरीच्या भीतीने माणूस सही करतो. आणि राजीनामा म्हणजे नोकरी स्वतःहून सोडली, अनेक देशांत तेवढ्यावरच भत्ता अडतो. इकडे आड, तिकडे विहीर.

हिशेबी:
हा लबाडीचा दोष झाला, नियमाचा नाही. जर्मनीसारखं करा. स्वतःच्या वागण्याने नोकरी घालवली तर साधारण १२ आठवडे भत्ता नाही, मग सुरू. चटका बसतो, पण माणूस बुडत नाही.

वळणवाट:
त्या १२ आठवड्यांबरोबर भत्त्याची एकूण मुदतही निदान एक चतुर्थांशाने कापतात, ते सांगायचं राहिलं. आणि तीन महिने घरभाडं थांबत नाही. चोराला द्या असं मी म्हणतच नाहीये. चोर कोण हे फिर्यादीनेच ठरवू नये, एवढंच.

हिशेबी:
फ्रान्सचं उदाहरण दिलंत तेव्हा चोरही त्यात आला होता. आता मागे सरकताय.

निवृत्त_कारकून:
ते राहू द्या. भावाने दाद मागितली का? हजेरीचा उतारा जोडायला सांगा. तीन उशीर म्हणजे नेमके किती मिनिटं, ते दिसू दे.

वळणवाट:
हजेरी थंब मशीनवर होती. मशीन त्यांच्याकडे, आणि त्याला आता गेटच्या आत सोडत नाहीत.