एमजीबीचे क्लच पेडल खालीच राहते : इंजिन उतरवण्याआधी काय तपासावे?

ताराबाई_पार्क

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे आणि पावसाळाभर ती कव्हर घालून उभी होती. आता क्लच दाबला की पेडल तळाला जाते आणि तिथेच राहते. बुटाचे टोक खाली घालून उचलले तर वर येते, पण जड आणि घासत येते. क्लचच्या टाकीतील ब्रेक ऑइलची (क्लचलाही तेच लागते) पातळी उतरलेली नाही, गाडीखाली ओल नाही. इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकायला गेलो तर गिअर करकरतो. पावसाळ्यापूर्वी एका गॅरेजमध्ये क्लचच्या मास्टर सिलेंडरचे (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे) रबर किट बदलून घेतले होते.

आमच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की, दमट हवेने क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चकतीला) चिकटली आहे आणि इंजिन उतरवावे लागेल. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा एकत्रच बाहेर काढतात, त्यामुळे एवढा खटाटोप करण्याआधी दोष नक्की कुठे आहे याची खात्री करून घ्यावीशी वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_चाके

नमस्कार साहेब. आपण दिलेल्या लक्षणांवरून इंजिन उतरवण्याचा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचे कारण पेडल वर कशामुळे येते यातच आहे. पेडलला स्वतःची छोटी स्प्रिंग असते खरी, पण पाय सैल सोडल्यावर पेडलला खरा रेटा मिळतो तो प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीच्या) डायफ्राम स्प्रिंगचा. ती फोर्कमार्फत (क्लच सोडवणाऱ्या काट्यामार्फत) स्लेव्ह सिलेंडरचा (गिअरबॉक्सजवळ ऑइलचा दाब झेलणाऱ्या सिलेंडरचा) पिस्टन मागे ढकलते आणि तोच दाब ऑइलमधून मास्टरपर्यंत येतो. प्लेट फ्लायव्हीलला चिकटली तरी डायफ्राम आपले काम करतच राहतो, म्हणजे पेडल नेहमीसारखे जड लागते, नेहमीसारखे वर येते आणि फक्त गिअर पडत नाही. आपले पेडल खालीच राहते, याचा अर्थ त्याला परत ढकलणारा दाबच तयार होत नाही.

तरीही अंदाजावर थांबू नये. गाडी स्टँडवर घेऊन, चाकांना ओट लावून खाली जा आणि दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून स्लेव्हच्या पुशरॉडकडे (फोर्क ढकलणाऱ्या दांड्याकडे) पाहत राहा. मास्टरचा बोअर (आतले भोक) पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच असल्यामुळे पेडलकडची हालचाल स्लेव्हला जवळपास पावणेतीन पटींनी कमी होऊन पोहोचते. तरी रॉड साधारण अर्धा इंच पुढे सरकला पाहिजे. तेवढा सरकूनही गिअर करकरत असेल तर दोष आत आहे, आणि तेव्हा आपल्या मेकॅनिकचे ऐकावे. रॉड जेमतेम हलत असेल तर दोष बाहेर, हायड्रॉलिकमध्येच आहे.

त्यानंतर पेडल आणि मास्टरचा पुशरॉड यांना जोडणारी पिन काढा. सुटे पेडल मोकळे हलले तर पेडलचा बुश (पेडल ज्यावर फिरते ती बाही) निर्दोष ठरतो आणि संशय मास्टरवर येतो. पिन हातात आलीच आहे तर तिची झीजही पाहून घ्या, कारण तिथला एखादा मिलिमीटर पेडलच्या टोकाशी कितीतरी वाढून जाणवतो. जुना रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगला तर ऑइल जाते पण परत येत नाही; मात्र तेव्हा क्लच सुटलेलाच राहतो, गिअर सहज पडतो आणि गाडी पुढे सरकत नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे, म्हणून होज सध्या मागे ठेवू.

उद्यमनगर_टर्नर

किट बसवताना सिलेंडर आणि रबरे कशाने धुतली, हे त्या गॅरेजला जरूर विचारा. आपल्याकडे पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये सगळे खळखळून काढायची सवय आहे. ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबर त्याने फुगते. सुरुवातीला काही जाणवत नाही, मग सील बोअरमध्ये आवळून बसते, त्याची कड वळते आणि दाबलेले ऑइल कडेवरून परत टाकीत जाते. पातळी उतरत नाही, गळती दिसत नाही आणि पेडल मात्र खाली. धुवायचे तर स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवावे.

दुसरी गोष्ट बोअरची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी बोअरच्या खालच्या बाजूला गंज धरते. नख अडकेल इतके खड्डे असतील तर होनिंगने (आतून घासून गुळगुळीत करण्याने) भागत नाही, आणि बोअर मोठा करून तर अजिबात चालत नाही, कारण सील पाऊण इंचाचे म्हणजे १९.०५ मिलिमीटरचेच येते. पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह (आतली नळी) बसवून मूळ मापाला आणणे हाच मार्ग आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम होते. फक्त टाकीतून येणारी दोन्ही बारीक छिद्रे स्लीव्हमध्ये पुन्हा पाडून त्यांची कड आतून गुळगुळीत केली आहे ना, ते स्वतः पाहावे, नाहीतर नवे सील पहिल्याच दाबात कापले जाईल.

अवांतर : आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातले, त्यामुळे इथल्या जुन्या फिटरना एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन परके वाटत नाही. मात्र त्या भरवशावर क्लचचे सुटे भाग एकमेकांना बसतील असे गृहीत धरू नये.

घाटवळण

वरील दोघांशी सहमत आहे, पण प्लेट चिकटण्याची शक्यता अगदीच झटकू नये. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या गाडीत दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात. हायड्रॉलिक दुरुस्त झाल्यावर पुशरॉड पुरेसा हलूनही गिअर पडला नाही, तरच तो विचार करावा. आणि हो, पेडलखाली जाड नवा गालिचा घातला असेल तर आधी तो काढा.

ताराबाई_पार्क

सर्वांचे आभार. स्लेव्हचा रॉड जेमतेम हलत होता. पिन काढताच पेडल स्प्रिंगने टपकन वर आले आणि मास्टरचा पुशरॉड आतच राहिला. सिलेंडर उघडला तर ऑइल शाईसारखे काळे, सीलची कड फुगून एका बाजूला दुमडलेली आणि बोअरच्या तळाशी नखाला लागणारी गंजाची रेघ. सिलेंडर स्लीव्हसाठी दिला आहे. होजही नवा घालतो. या गाडीच्या क्लचमधली हवा लवकर निघत नाही असे ऐकले आहे, त्यासाठी काही युक्ती?

जुनी_चाके

पेडल मारत बसू नका, खालून वर भरा. स्लेव्हच्या निपलला (हवा काढण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून मोठ्या सिरिंजने डॉट ४ ब्रेक ऑइल सावकाश वर ढकला, म्हणजे हवा तिच्या स्वाभाविक दिशेने टाकीत निघून जाते. नळीत आधीच ऑइल भरून घ्या आणि टाकी भरून वाहणार नाही याकडे एकाचे लक्ष असू द्या, कारण ते ऑइल रंग उचकटते. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.