पाकिस्तानात दर बंडाच्या वेळी कोर्ट काय करत होतं?

पडवीतला:
राम राम मंडळी. अयुब, याह्या, झिया, मुशर्रफ या लष्करशहांची नावं तोंडपाठ आहेत. माझं कोडं वेगळंच आहे. १९७३च्या घटनेत कलम ६ आहे, बळाने घटना मोडणं हा राष्ट्रद्रोह. तरी १९९९ला सेनाप्रमुख मुशर्रफ पंतप्रधान नवाज शरीफांना हटवून आले आणि सुप्रीम कोर्टाने त्यांना चालवून घेतलं. हे कायद्यात बसवलं कसं? जाणकारांनी सांगावं.

शारजाकर:
जाणकार नाही, पण तेव्हा शारजात एका गोदामात हिशेब लिहायचो. खोलीत आम्ही चौघे, त्यातले एक लाहोरचे चाचा. १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते पीटीव्ही, म्हणजे पाकिस्तानचा सरकारी चॅनल, लावून बसलेले. मुशर्रफ निवृत्त, झियाउद्दीन बट नवे सेनाप्रमुख, अशी बातमी झाली. काही वेळाने चॅनल गुल. चाचांनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "आ गए."
मुशर्रफ तेव्हा कोलंबोहून येणाऱ्या प्रवासी विमानात होते. कराचीत उतरू देत नव्हते आणि इंधन संपत आलेलं. जमिनीवर लष्कराने विमानतळ ताब्यात घेतला तेव्हा कुठे ते उतरलं.
आता कोर्ट. तिथला जुना मंत्र म्हणजे 'नजरिया-ए-जरूरत'. गरज होती, म्हणून बेकायदा तेही कायदेशीर. १९५५ला न्या. मुनीर यांच्या कोर्टाने हा पायंडा पाडला, १९७७ला झियांनाही तोच कामी आला. मध्ये १९७२ला याह्यांना कोर्टाने सत्ता बळकावणारा ठरवलं खरं, पण तोवर याह्या खुर्चीवरून उतरलेले. बैल गेला नि झोपा केला!
मुशर्रफांनी एक पायरी आधीच बांधून घेतली. जानेवारी २०००मध्ये न्यायाधीशांना नव्याने शपथ घ्यायला लावली, घटनेची नव्हे, त्यांच्या हुकुमाची. सरन्यायाधीश सिद्दिकी आणि आणखी काहींनी नकार दिला, ते घरी गेले. उरलेल्यांनी मे महिन्यात निकाल दिला की बंड वैध, तीन वर्षांत निवडणूक घ्या. वर घटनादुरुस्तीचा अधिकारही दिला, जो खुद्द कोर्टाकडेच नव्हता! माझ्या हिशेबी डोक्याला हे अजून पचत नाही.

नाममात्र:
छान प्रतिसाद. एक भर. राष्ट्राध्यक्षाने पंतप्रधानाला घरी पाठवायचं कलम ५८(२)(ब) झियांच्या काळात घटनेत आलं. १९८८, ९०, ९३, ९६ अशी चारदा राष्ट्रीय सभा (संसदेचं खालचं सभागृह) त्याखाली बरखास्त झाली. शरीफांनी १९९७ला ते काढलं, खुर्ची पक्की झाली म्हणून खूश. पण कुकरची शिट्टीच काढून ठेवली. पुढे भांडण झालं तर लष्कराला रणगाड्याशिवाय दुसरा रस्ता राहिला नाही. हे माझं मत.

पडवीतला:
दोघांचे आभार. मग २००७ला तेच कोर्ट उलटलं कसं?

शारजाकर:
यातली गंमत ऐका. ज्या सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींसाठी काळे कोट, म्हणजे वकील, रस्त्यावर आले, ते २०००च्या त्या खंडपीठावर होते! ९ मार्चला त्यांनी मुशर्रफांसमोर राजीनामा द्यायला नकार दिला, त्यांना निलंबित केलं, एवढ्यावर सगळं पेटलं. जुलैत सहकाऱ्यांनी त्यांना परत बसवलं, नोव्हेंबरात आणीबाणी आली आणि ते पुन्हा गेले. आमच्या खोलीला त्याची झळ अशी की पाकिस्तानचं जिओ न्यूज चॅनल दुबईतून प्रक्षेपित व्हायचं, तेही बंद झालं. चाचा रिकाम्या पडद्यासमोर रिमोट दाबत बसलेले मला अजून दिसतात.

नाममात्र:
कलम ६ शेवटी लागलंच की. डिसेंबर २०१९ला विशेष न्यायालयाने मुशर्रफांना फाशी सुनावली.

शारजाकर:
हो, आणि पुढच्याच महिन्यात लाहोर हायकोर्टाने ते न्यायालयच बेकायदा ठरवलं. फाशीची बातमी आली तेव्हा मी इथून चाचांना फोन लावला होता. ते केव्हाच लाहोरला परतलेले. हसले आणि म्हणाले, "मी शारजा सोडून इकडे आलो, साहेब दुबईत जाऊन बसलेत. फाशी कुणाला देणार?"