मदत हवी आहे: फॉग ॲलन यांची निवृत्तीच्या वेळची पत्रं

रानवारा: मंडळी, तातडीनं मदत हवी आहे. ॲलन यांची शेवटच्या वर्षातली पत्रं वाचायची आहेत. लायब्ररीला मेल केला तर त्यांनी ॲलन यांच्या कागदांची भलीमोठी यादी पाठवली. त्यातलं काय मागू? लेख द्यायची तारीख जवळ आली आहे.

खडीसाखर: कोण ॲलन? कुठली लायब्ररी? तुम्ही भारतात की तिकडे?

रानवारा: कॅन्सास विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच, अजून कोण! लायब्ररी लॉरेन्समधली, स्पेन्सर. मी ओमाहाला असतो. गाडीनं जाईन, पण रजा एकच दिवस.

मधलीसुट्टी: त्यापेक्षा कोच जॉन वुडनवर लिहा. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला १२ वर्षांत १० विजेतेपदं! सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा कार्डांवर लिहून आणायचे.

टपालपेटी: वुडन थोरच, पण विषय त्यांचा नाही. ॲलननी कॅन्सासला ५९० सामने जिंकून दिले. पुढे स्वतः नामवंत कोच झालेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ त्यांच्याच हाताखाली खेळले. खेळ शोधणारे नेस्मिथसुद्धा तिथेच कोच होते; त्यांचे विजय ५५ आणि पराभव ६०.

मधलीसुट्टी: नेस्मिथना जय-पराजयावर मोजू नका, ते शारीरिक शिक्षणाचे माणूस. त्यांच्या १८९१च्या १३ नियमांचे मूळ कागद २०१०च्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. आता लॉरेन्सलाच आहेत, जाल तेव्हा बघून या.

उंचउडी: धागा निघालाच आहे तर विचारते, सोसायटीत मुलांसाठी रिंग किती उंचीवर लावावी?

टपालपेटी: मोठ्यांची १० फूट असते, लहानांसाठी खाली घ्या. ॲलन मात्र १२ फूट करा म्हणत राहिले.

रानवारा: अहो, पत्रं! १९५५ला ॲलनच्या नावाचं फील्डहाऊस (खेळाचं बंदिस्त सभागृह) उघडलं, त्याच वर्षी विल्ट चेंबरलेन हा गाजलेला खेळाडू विद्यापीठात आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. आणि १९५६ला सत्तरीला निवृत्तीच्या नियमानं ॲलनना घरी बसवलं. विल्ट मुख्य संघाकडून खेळायला उतरला तेव्हा कोच दुसराच. आयुष्यभर खेळाडू घडवणाऱ्या माणसाला तेव्हा काय वाटलं, ते मला त्याच्याच शब्दांत वाचायचं आहे.

जुनादस्त: हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात काम केलं आहे. खाजगी कागदांत सहसा आलेली पत्रं असतात आणि पाठवलेल्यांच्या पातळ कार्बन प्रती. यादीत १९५५-५६चा पत्रव्यवहार शोधा. पण ती झाली ॲलन यांची बाजू. विद्यापीठाची बाजू हवी असेल तर तेव्हाचे चॅन्सेलर (विद्यापीठाचे प्रमुख) फ्रँकलिन मर्फी यांच्या कार्यालयाचे कागद मागा. विद्यापीठाचं अभिलेखागार स्पेन्सरमध्येच आहे, दुसरीकडे धावायला नको. खोके आणि फोल्डरचे क्रमांक आधी कळवा, म्हणजे काढून ठेवतील. सोबत पेन्सिल न्या, पेन चालत नाही. आणि फोल्डरमधला कागदांचा क्रम अजिबात हलवू नका. उत्तर बहुतेक पत्राच्या मागेच लावलेलं असतं.

रानवारा: मर्फींच्या कागदांची यादी वेगळ्या मेलनं मागू का?

जुनादस्त: त्याच मेलमध्ये मागा, आणि आजच. वाचनकक्ष तुमच्या रजेच्या दिवशी उघडा आहे ना, तेही विचारून घ्या.