मदत हवी आहे: 'साभार' लिहून दुसऱ्याचा लेख आपल्या साइटवर टाकणं

गडकिल्ल्यांवरच्या एका छोट्या साइटचं कंटेंट बघतो. मालकांचं म्हणणं, जुन्या ब्लॉगवरचे लेख उचल, वाक्यं जरा फिरव, खाली 'साभार' टाक, पानं वाढली की गूगलमध्ये वर येऊ. पहिलाच लेख राजगडच्या पाली दरवाज्याच्या पायऱ्यांचा, त्यात मूळ लेखक स्वतः धुक्यात वाट चुकलेला तेही आलंय, ते मी आमचं म्हणून कसं टाकू, हातच धजेना.

नुसतं श्रेय दिलं म्हणजे परवानगी होत नाही, 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, हे सांगून झालं, गूगलच्या स्पॅम पॉलिसीतलं स्क्रेपिंग (दुसऱ्या साइटवरचा मजकूर उचलून टाकणं) पण दाखवलं. उत्तर एकच, "सगळेच करतात". मग मीच सहा मूळ लेखकांना परवानगीसाठी मेल केले. दोघं हो म्हणाले, तीन मेल बाउन्स, एकाचं उत्तरच नाही. विकिपीडियावरचा मजकूर श्रेय देऊन वापरू देणारं लायसन्स माहितीये, ते नका सांगू. नवीन लिहून घ्यायला बजेट नाही आणि नोकरी लगेच सोडता येत नाही.

अडलंय ते हे. परवानगीने टाकलेलं पान नोइंडेक्स करा (म्हणजे सर्चमध्ये दिसणार नाही असं ठेवा) असं गूगलच सांगतं, पण तसं केलं तर मालकांच्या दृष्टीने ते पान असून नसल्यासारखंच. नाही केलं तर कदाचित आमचं पान मूळ लेखाच्या वर जाणार. हो म्हणालेल्या दोघांना हे आधी स्पष्ट सांगून पुन्हा विचारायला हवं का, की त्यांच्या 'हो' मध्ये ते आलंच?