आईच्या महिन्याच्या गोळ्या – दुकानागणिक भाव वेगळे, तुलना कशी करायची?

नमस्कार मंडळी,

आई सांगलीला, मी पुण्यात. तिच्या चिठ्ठीवर बीपीची टेल्मिसार्टन ४०, शुगरची मेटफॉर्मिन ५०० एसआर (हळूहळू विरघळणारी), कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० आणि थायरॉइडची थायरॉक्सिन ५० आहे. गल्लीतले मेडिकलवाले काका एमआरपीवर १० टक्के सोडतात. ऑनलाइन सूट दुप्पट दिसते, पण बिल करताना डिलिव्हरीचे आणि कसलेकसले पैसे चढतात. त्यात कुणाची स्ट्रिप १० ची, कुणाची १५ ची, थायरॉइडची तर डबीच. डोकं चालत नाही.

जनऔषधी केंद्रात टेल्मिसार्टनची गोळी दीड रुपयाच्या आत पडली. तीच ब्रँडची सातच्या आसपास. एवढा फरक बघून आईच म्हणते, "इतकं स्वस्त म्हणजे कमअस्सल असणार!" तिथे मेटफॉर्मिन साधी मिळाली, एसआर नव्हती. चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

– लेक_सांगलीची

कपिलेश्वर: स्ट्रिपचा भाव बघूच नका, एका गोळीचा काढा, डिलिव्हरी धरून. 'फार्मा सही दाम' अ‍ॅपवर तेच औषध कुठल्या ब्रँडमध्ये कितीला आहे ते कळतं. जनऔषधीचे भाव आणि जवळचं केंद्र 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर. आमच्याकडे वडिलांची बीपीची गोळी तिथलीच चालू आहे, बीपी व्यवस्थित आहे. आईंना सांगा, ब्रँडच्या भावात जाहिरात आणि एमआरचा (कंपनीच्या विक्री प्रतिनिधीचा) पगारही असतो.

निवृत्त_फार्मासिस्ट: साधी मेटफॉर्मिन नको. एसआर हळूहळू विरघळते, साधी लगेच. वेळा आणि डोस दोन्ही बदलतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अदलाबदल करू नका, आणि एसआर गोळी कुटूनही देऊ नका. थायरॉक्सिनचं वेगळं. मात्रेत थोडा फरक पडला तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलतो, म्हणून एकच कंपनी धरून राहा. बदललीच, तर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करा. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराने आपल्या मनाने दुसरा देणं नियमात बसत नाही. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, मग पाहिजे तिथून घेता येईल.

लेक_सांगलीची: दोघांचेही आभार. थायरॉइडच्या डबीला हात लावत नाही, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं डॉक्टरांशी बोलून घेते. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एसआर नेहमी मिळेल असं जनऔषधी केंद्र कुणाला माहीत आहे का? आईला रिक्षाने जाता येईल इतपत जवळ हवं, नाहीतर वाचलेले पैसे भाड्यातच जायचे.