उत्तर : तबेल्यातली कबुतरं

कबुतरांना घाबरवायला तबेल्यात जुन्या सीड्या (चकचकीत सीडी तबकड्या) टांगल्या तरी ती पेंडीवर उतरतात, असं लिहिलंय तुम्ही. उतरणारच! आमच्या मामांच्या मुंबईतल्या आरे कॉलनीच्या तबेल्यात सीड्या, चमकी पट्ट्या, प्लॅस्टिकचं घुबड, सगळं करून झालं. चौथ्या दिवशी एक पारवा त्या घुबडाच्या डोक्यावर बसून निवांत पिसं साफ करत होता.

जाळीला पर्याय नाही, पण भोक बघून घ्या. कबुतरांना ५० मिमी पुरते. चिमण्याही नको असतील तर २० मिमीच्या आतली. बाल्कनीवाली नेहमीची जाळी चिमणीला म्हणजे उघडं दारच. आणि ताणून बांधा. सैल राहिली की पक्षी अडकतो, मग धारा सोडून शिडीवर चढा. दाराला मात्र कोल्ड स्टोरेजला असतात तशा जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या. म्हशी दोन दिवस बिचकल्या, नंतर शिंगांनी सरळ बाजूला सारायला लागल्या.

खरा फरक मात्र वेगळ्याच गोष्टीने पडला. भिजवलेला भरडा रात्रभर उघड्या घमेल्यांत असायचा, तो आता झाकणाच्या पिंपात. गव्हाणीत उरलेलंही लगेच काढतात. दाणे खाल्ले त्याचं एवढं नाही, विष्ठेचं भय जास्त; साल्मोनेला हा रोगजंतू त्यातून चाऱ्यात येऊ शकतो. वाळलेली घाण कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला मास्क बांधा.

तुळईवर ४५ अंशांहून जास्त उताराची फळी ठोकली तर पाय ठरत नाही कबुतरांचा. ठोकण्याआधी घरट्यात अंडी नाहीत ना, तेवढं बघा.